पाणी उपसून टाकणाऱ्या देशात

शहागंज

ऑगस्टच्या उकाड्यात औरंगाबादच्या शहागंज बाजारातल्या एकाही दुकानदाराला स्वेटर विकायची इच्छा नव्हती. राख्या, छत्र्या आणि रेनकोटांच्या गर्दीतून मी आणि आई गरम कपडे विचारत हिंडत होतो, आणि लोक आमच्याकडं बघून हसत होते. शेवटी एका बोळीतल्या म्हाताऱ्या दुकानदारानं शिडी लावली, माळ्यावरून गेल्या हिवाळ्याचं गाठोडं खाली टाकलं आणि विचारलं, "किधर जाना है बेटी?"

"हॉलंडला चाललीया. शिकायला," माझ्याआधी आईच म्हणाली. "दोन वर्षं."

त्यानं जाड लोकरीचे मोजे काढून दिले. आईनं मोजे हातात धरले, पण तिचं लक्ष त्यांच्यात नव्हतं. अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "भाईजान, तिकडं पोरी एकट्या राहू शकतात का हो?"

"मेरी भांजी सौदी में है, जिद्दा में, बहनजी. पहले पहले फोन पे रोती थी." त्यानं गाठोडं बांधता बांधता मान हलवली. "अब वो नै रोती. अब हम रोते."

परतीच्या रिक्षात आईनं ते मोजे शेंद्र्यापर्यंत मांडीवर धरून ठेवले.

शेंद्रा म्हणजे आमचं गाव. एका बाजूला कारखान्यांच्या भिंती, दुसऱ्या बाजूला ज्वारी आणि कापूस. अण्णा, म्हणजे माझे वडील, कंपनीत शिफ्ट करतात आणि उरलेल्या वेळात शेती. आजोबांना आम्ही सगळे बाबा म्हणायचो. त्यांनी आयुष्यात कंपनीच्या फाटकाकडं पाठ करून शेतीच केली. चैत्र लागला की गावात टँकर यायचा आणि माझी शाळेची वेळ त्याच्या वेळेवर ठरायची. इंजिनिअर झाल्यावर पुढं पाण्याचाच अभ्यास करायचा हे मी कधी ठरवलं ते आठवत नाही. शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, "तिकडं पाणी हाय का?"

"लई हाय," मी म्हणाले.

"मग तिकडं काय शिकणार? नसलं तर काय करायचं ते शिकवतेत का?"

तेव्हा हा प्रश्न मला हसण्यावारी न्यावासा वाटला होता.

समुद्राच्या खालचं गाव

विद्यापीठाच्या गावाचं नाव आमच्या घरात कुणालाच उच्चारता आलं नाही. आई शेवटपर्यंत त्याला "तुझं गाव" म्हणत राहिली. मी राहायचे तिथून सात किलोमीटरवर, एका शेतावर, ट्रूस नावाच्या ब्याऐंशी वर्षांच्या बाईंच्या घरात. वरच्या मजल्यावरची उतरत्या छताची खोली माझी. खिडकीतून दिसायचं ते सगळं हिरवं आणि सपाट, इतकं सपाट की चार कोसांवरच्या चर्चचं टोक रोज सकाळी मोजल्यासारखं त्याच जागी उभं असायचं.

आपल्याकडं दोन शेतांच्या मधे बांध असतो, आणि तो कोरण्यावरून भावाभावांची बोलणी बंद होतात. तिथं दोन शेतांच्या मधे पाण्याची चारी असते. कोरणार काय? सगळ्या चाऱ्या मोठ्या कालव्याला मिळतात, आणि कालव्याच्या टोकाला पंप. तो पंप पाणी उचलून उंच बांधापलीकडं टाकतो, तिथून ते समुद्राला जातं. ट्रूसबाईंनी पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात उभं राहून मला समजावलं, "हे पंप बंद पडले तर काही दिवसांनी आपण इथं गुडघाभर पाण्यात उभ्या असू."

त्या संध्याकाळी मी घरी फोन केला. "अण्णा, हितं पाणी उपसून समुद्रात टाकतेत."

मग अण्णा म्हणाले, "म्हंजी वाया?"

बाबांनी फोन हिसकावून घेतल्याचा आवाज आला. "शितल, त्यांना म्हणावं हिकडं वळवा!"

मी हसले. फोन ठेवल्यावर मात्र त्या उतरत्या छताखाली मला घराच्या आठवणीचा पहिला हिसका बसला. गंमत सांगायला माणूस नव्हतं. सांगितली असती तरी कुणाला कळली नसती.

ट्रूसबाईंकडं संध्याकाळी सहाला जेवण. सहा वाजून पाच मिनिटांनी कुणी दारात आलं तर त्याला चहासुद्धा मिळत नसे. कॉफीबरोबर एक बिस्किट मिळे, आणि मग डब्याचं झाकण बंद. पहिल्या आठवड्यात मी झाकण उघडण्याची वाट बघत बसायचे. आमच्याकडं पाहुण्यानं तीनदा नको म्हणावं आणि चौथ्यांदा ताटात पडावं, अशी रीत. तिथं एकदा नको म्हटलं की विषय संपला. पहिल्या रविवारी बटाट्याचं कालवण मी संकोचानं नको म्हणाले आणि उपाशी झोपले. दुसऱ्या रविवारी पहिल्याच विचारण्याला हो म्हणाले.

न्याहारीला पाव, लोणी, आणि त्यावर चॉकलेटची बारीक भुरभुर. म्हातारी माणसंसुद्धा हे गंभीर चेहऱ्यानं खातात. आईनं येसर भरून दिलं होतं, भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं आमच्याकडचं पीठ. एका शनिवारी मी त्याची आमटी केली. ट्रूसबाईंनी एक घोट घेतला, डोळ्यांत पाणी आलं, नाक पुसलं, आणि वाटी पुढं केली. "अजून."

सायकल मला शाळेपासून येते. पण आपल्याकडं वाऱ्यात सायकल चालवायची म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. ऑक्टोबरात कालव्याच्या कडेनं कॉलेजला जाताना एका झोतानं मला सायकलसकट पाण्यात ढकललं. पाणी छातीपर्यंत, खाली चिखल. पाठीवरची बॅग, पुस्तकं, सगळं भिजलं. मागून येणाऱ्या साठीच्या बाईनं आपली सायकल शांतपणे स्टँडला लावली, मला हात देऊन बाहेर काढलं आणि निघून गेली. घरी परतल्यावर ट्रूसबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "पाण्याचा अभ्यास करायला आलीस ना?" आणि अंगणातल्या नळाकडं बोट दाखवलं, म्हणजे चिखल घरात नको.

हेन्कचा वर्ग

भूजल शिकवणारे प्राध्यापक हेन्क उंच, वाकलेले, गुडघ्याला ठिगळ लावलेली पॅन्ट घालणारे. सगळे त्यांना नुसतं हेन्क म्हणायचे. माझी जीभ ते म्हणायला तयार होईना. मी "सर" म्हणायचे आणि ते मागं वळून बघायचे, दुसरं कुणी आलंय का म्हणून.

माझ्या गटात लोटे नावाची तिथलीच मुलगी होती. दुसऱ्याच तासाला ती उभी न राहता, बसल्या बसल्या, हेन्कना म्हणाली, "हे चूक आहे." मी वहीत मान घातली. आमच्याकडं हे झालं असतं तर वर्षभर प्रॅक्टिकलच्या वहीवर सही मिळाली नसती. हेन्क म्हणाले, "का?" दोघं वीस मिनिटं भांडले आणि दुपारी एका बाकावर बसून पाव खात होते.

माझा पहिला अहवाल मी जीव तोडून लिहिला होता. हेन्कनी शिकवलेलं सगळं त्यात होतं, एकही आकडा चुकला नव्हता. तो परत आला तेव्हा वर नापासाचा शेरा, आणि खाली पेन्सिलनं एक ओळ: 'हे माझंच व्याख्यान आहे. तू कुठे आहेस?'

मी आयुष्यात नापास झाले नव्हते. हेन्कनी मला खोलीत बोलावून शांतपणे सांगितलं, "तू मान फार सुंदर हलवतेस. पण तुला काय वाटतं ते मला अजून कळलेलं नाही."

मला काय वाटतं, हे मला सोळा वर्षांच्या शाळा-कॉलेजात कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवसांत मी परतीच्या तिकिटांचे दिवस बघत बसायचे. फोनवर आई विचारायची, "जेवलीस का?" मी म्हणायचे, "व्हय, भाकरी केली." बरोबर नेलेलं ज्वारीचं पीठ कधीच संपलं होतं.

परदेशी शिकायला जायचं म्हणजे काय, असं आता गावातल्या मुली मला विचारतात. त्यांना मी थंडी, खर्च, भाषा सगळं सांगते. पण सगळ्यात अवघड काय होतं ते सांगताना अडखळते. तिथं मी हुशार नव्हते. शेंद्र्यात मी 'हुशार शितल' होते, आणि तेवढी एकच ओळख मी बरोबर नेली होती.

जानेवारी

जानेवारीत तिथं साडेचारलाच अंधारतं. सकाळी नऊपर्यंत उजाडत नाही. मधल्या वेळात जे असतं त्याला उजेड म्हणायची सवय करून घ्यावी लागते. परीक्षा चालू होत्या आणि माझं सगळं मन आमच्या रानात होतं. जानेवारी म्हणजे हुरडा. कोवळी कणसं आगटीत भाजायची, हातावर चोळायची, बाबांनी ती फुंकून माझ्या ओंजळीत टाकायची. दरवर्षीचं ठरलेलं. मी म्हटलं, यंदा व्हिडिओवर तरी बघू.

"यंदा हुरडा केला नाय," आई म्हणाली.

"का?"

"थंडीच नाय पडली नीट."

"बाबांना दे फोन."

"झोपलेत."

दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा बाबा रानात गेले होते. तिसऱ्यांदा पुन्हा झोपले होते. अण्णा तर नुसतं बोलायचे, दिसायचे नाहीत. रेंज नाही म्हणायचे. परीक्षेच्या घाईत मी ते सगळं खरं मानलं.

शेवटचा पेपर झाला त्या दुपारी मी व्हिडिओ कॉल लावला. फोन आईच्या हातात होता. मागं अण्णा बाजेवर बसलेले, डोक्यावर टोपी. मी पेपर कसा गेला ते सांगत होते आणि सांगता सांगता थांबले. अण्णांचा चेहरा काहीतरी वेगळा, लहान मुलासारखा दिसत होता.

"अण्णा, मिशा कुठं गेल्या?"

फोन हलला आणि मला छताचे पत्रे दिसले.

"अण्णा, टोपी काढा."

"बाबा गेले, शितल."

"कधी?"

"सोळा दिस झाले."

सोळा दिवस. त्यातल्या किती दिवशी मी त्यांच्या झोपेची चौकशी केली होती! मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. आई नुसती रडत होती. अण्णा म्हणाले, "तुझी परीक्षा व्हती, बाळा. सांगून काय करणार व्हतो? तिथं तुला धरायला कोण व्हतं?"

"मी येते. उद्याच निघते."

"नाय यायचं."

"अण्णा..."

"ऐक. दहाव्याला पिंड ठेवला. कावळा शिवंना. तासभर शिवंना. भाऊबंद एकेक कबूल करायले, शेताचं बघू, घराचं बघू. नाय म्हंजी नाय. मग मी पुढं झालो. म्हणलं, बाबा, शितलचं शिक्षण मधी तुटू देणार नाय." त्यांचा आवाज फाटला. "तवा शिवला. आता तू येऊन मला खोटं पाडती का?"

मला कावळ्याचं वगैरे खरं वाटतं का, ते मला त्या दिवशी कुणी विचारलं नाही हे बरं झालं. मी फोन ठेवला आणि जिन्यातच बसून राहिले.

ट्रूसबाई खालून आल्या. त्यांनी मला मिठी मारली नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. काय झालं ते ऐकून घेतलं, माझे बूट आणून समोर ठेवले. "चल."

आम्ही बांधावरून चालत गेलो. मेंढ्या वाऱ्याकडं पाठ करून उभ्या होत्या. एका बाजूला समुद्र वर, दुसऱ्या बाजूला घरं खाली. बऱ्याच अंतरानंतर त्या म्हणाल्या, "मी बारा वर्षांची असताना समुद्र आत आला होता. मला होडीतून दुसऱ्या गावी नेलं. शाळेच्या हॉलमध्ये आम्ही मुलं झोपायचो. माझ्या आईला पुरलं तेव्हा मी त्या हॉलमध्ये सूप पीत होते. मला दोन आठवड्यांनी सांगितलं. लहान आहे म्हणून."

"तुम्हाला राग आला?"

"अजून आहे." त्या थोडं चालल्या. "ज्यांनी सांगितलं नाही ती माणसं मला फार आवडायची. तरी आहे. दोन्ही राहतं."

मग त्यांनी मला बाबांबद्दल विचारलं. ते दिसायला कसे होते ते नाही; ते दिवसभर काय काय करायचे ते. मी सांगत गेले. ते रानात पाणी कसं शोधायचे ते सांगितलं तेव्हा त्या थांबल्या. "हे तू तुझ्या प्राध्यापकाला सांगितलंस का?"

मी म्हणाले, हे अभ्यासातलं नाही.

नाही

मार्चमध्ये हेन्कनी दख्खनचा नकाशा पडद्यावर लावला. माझ्यासाठीच लावला असावा. ते सांगत होते की ठरावीक अंतरावर विहिरी निवडून पातळी मोजली की सबंध भागाच्या भूजलाचा अंदाज बांधता येतो. त्यांच्या देशात खाली वाळू आहे. वाळूत पाणी स्पंजासारखं सगळीकडं सारखं भरलेलं असतं. माझी मान सवयीनं हलली, आणि मधेच थांबली.

"नाही," मी म्हणाले.

आवाज फार बारीक आला. लोटेनं वळून बघितलं.

"आमच्याकडं असं नसतं, हेन्क." त्यांचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या तोंडून गेलं, मला नंतर कळलं. "आमच्याकडं खाली अखंड काळा खडक आहे. पाणी फक्त भेगांमधे. एकमेकींपासून तीस फुटांवर दोन विहिरी असतात, मे महिन्यात एकीला पाणी असतं, दुसरी कोरडी. तुमच्या चौकटीत जी विहीर येईल तिच्यावर सगळं ठरणार. मग एक तर टँकर उगाच येईल, नाही तर येणारच नाही."

"हे कुठं छापलंय?" हेन्कनी विचारलं.

"छापलेलं नाही. माझे आजोबा सांगतात." मग मला ते दुरुस्त करावं लागलं. "सांगायचे."

वर्गात शांतता होती. हेन्कनी पेन माझ्या हातात दिलं. "काढून दाखव."

मी फळ्यावर आमची विहीर काढली. वर काळी माती, मग मुरूम, मग फुटका खडक, मग पाषाण. बाबा उन्हाळ्याच्या तोंडाला विहिरीत उतरून कोणती कपार ओली राहते ते बघायचे. त्या कपारीच्या रोखानं रानात चालत जायचे, आणि त्या ओळीवर कुठली झाडं हिरवी आहेत ते लक्षात ठेवायचे. सगळ्या शिवाराच्या भेगा त्यांच्या डोक्यात होत्या. मी त्यांच्यामागून चालत ते ऐकलं होतं आणि अभ्यासाच्या वह्यांमधे त्याला कधी जागा दिली नव्हती.

लोटे म्हणाली, "एका माणसाचा अनुभव आहे हा. पुरावा नाही."

जानेवारीआधी मी हे ऐकून खाली बसले असते. मी म्हणाले, "मग मोजून बघू." पुढचं दीड वर्ष तेच केलं. उन्हाळ्यात महिनाभर शिवारात येऊन साठ विहिरी मोजल्या. बाबांच्या ओळी बऱ्याच ठिकाणी खऱ्या निघाल्या, काही ठिकाणी चुकल्या, आणि चुकल्या तिथं का चुकल्या तेही मी लिहिलं. प्रबंध परत आला तेव्हा त्यावर पेन्सिलनं काहीच लिहिलेलं नव्हतं.

परत

हेन्कनी पुढच्या संशोधनासाठी आणखी चार वर्षं थांबायला सांगितलं. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "तुझं तू बघ. मी दिलेला शब्द पुरा झाला." मी हेन्कना नको म्हणाले. तिथं एकदा नको म्हटलं की विषय संपतो, हे ठाऊक असूनही मी दोन दिवस वाट बघितली, पुन्हा विचारतील म्हणून. त्यांनी विचारलं नाही. ट्रूसबाईंनी निघताना बिस्किटांचा डबा उघडला आणि उघडाच ठेवला. मी चार खाल्ली. नंतर बसमधे रडले.

आता मी शहराच्या कडेला, पडेगावला खोली घेऊन राहते आणि आसपासच्या गावांच्या विहिरी मोजते. संध्याकाळचे सहा वाजले की भूक लागते. इथं त्या वेळेला कुणी जेवत नाही. बैठकीत वरच्या साहेबांना "हे चूक आहे" म्हणाले तर खोलीत जी शांतता पसरते ती हेन्कच्या वर्गातली नसते. तेव्हा तो उघडा, वाऱ्याचा, समुद्राच्या खाली उतरलेला देश फार आठवतो. तिथं असताना शेंद्रा आठवायचं, तितकाच.

पण त्या विहिरी मोजायला पहिल्यांदा परत आले, त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. गाव सोडताना कागदांवर शहराचं नाव औरंगाबाद होतं, परत आले तेव्हा बसवर छत्रपती संभाजीनगर. घरी पोचले तर आईनं सगळं माझ्या आवडीचं केलं होतं. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, मिरचीचा ठेचा. ताट वाढलं. ताटाशेजारी तांब्या नव्हता. विकतच्या पाण्याची बाटली होती, झाकण न उघडलेली.

"हे कशाला, आई?"

"आमचं पाणी आता तुला बाधल, बाई. अण्णा कालच खोकं घेऊन आलेत."

आमचं. मी बाटलीकडं बघत राहिले. अण्णा घाईघाईनं म्हणाले, "चांगल्या दुकानातलं हाय."

मी उठले, माठातून पेला भरला आणि उभ्यानंच प्यायले. मग दुसरा भरून प्यायले.

"शितल, पोट दुखल!" आई म्हणाली.

"नाय दुखत."

दोघं माझ्या तोंडाकडं बघत होते. मी भाकरी मोडली, आमटीत कुस्करली, खाऊ लागले. थोड्या वेळानं आईनं ती बाटली उचलून आत नेली.

तीन दिवस पोट दुखत होतं. मी कुणाला सांगितलं नाही.